आशा उरली आहे का, ते आधी ठरव

म्हापसा

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आजी वारल्यावर तू तिच्यावर लिहिलेल्या कविता वाचल्या. दुःख खरं आहे, ते ओळीओळीत जाणवतं. तरी पहिली कविता मनाला भिडत नाही. तिच्यात तिन्हीसांज आहे, पाऊस आहे, मांडवी आहे, रिकामी फेरीबोट आहे; आजी मात्र शेवटच्या कडव्यात एकदाच येते. रसशास्त्रात सांगायचं तर उद्दीपन भरपूर, आलंबन नाही. ज्याच्यासाठी भाव जागतो ते आलंबन. त्याला चेतवणारा परिसर म्हणजे उद्दीपन. आपल्याकडे जून लागला की पाऊस आयता मिळतो, म्हणून इथल्या नवोदितांची ही चूक हमखास होते. आजी आधी आण, पाऊस मागाहून येऊ दे, किंवा नकोच.

आता खरा मुद्दा. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी करुण रस निरपेक्ष सांगितला आणि विप्रलंभ, म्हणजे विरहातला शृंगार, सापेक्ष. करुणात परतभेटीची आशा संपलेली असते, विरहात ती शिल्लक असते. लिहिण्याआधी हे ठरवायलाच हवं, कारण क्रियापदांचा काळ, तपशील, शेवट, सगळं त्यावर ठरतं. तारवटी, म्हणजे खलाशी, बोटीवर गेला असेल तर घर त्याच्या तारखा मोजतं, त्याची खोली झाडून ठेवतं. माणूस वारला असेल तर त्याच खोलीतल्या वस्तूंचं काय करायचं, हा प्रश्न असतो. तुझ्या तिसऱ्या कवितेत दोन्ही मिसळलंय: आजी गेली, आणि दोन ओळींनंतर ती दारात वाट बघते. वाचक गोंधळतो आणि हळवेपणा तेवढा उरतो.

दोन्ही एकत्र येऊच शकत नाहीत, असं मात्र नाही. आपल्या गोव्यातल्या साळावली धरणात बुडालेल्या कुर्डी गावाचं बघ. उन्हाळ्यात पाणी उतरतं, जोती वर येतात, विस्थापित मंडळी सोमेश्वराच्या उत्सवाला आणि चॅपेलच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, जमतात, मग पावसात गाव पुन्हा पाण्याखाली जातं. इथे आशा आणि अशक्यता एकाच जमिनीवर आहेत. असा विषय मिळाला तर विशेषणं शून्यावर आण. कोण कुठल्या जोत्यावर उभं राहिलं, एवढं लिहिलं तरी पुरतं.

करुणाचे अनुभाव, म्हणजे भाव बाहेर दिसण्याच्या खुणा, भरतांनी बहुतेक शरीराच्याच दिल्या आहेत: तोंड कोरडं पडणं, रंग उतरणं, अंग गळून जाणं, निःश्वास, विस्मृती. अश्रू त्यांतला फक्त एक, आणि आपण तेवढाच वापरतो. तुझ्या दुसऱ्या कवितेतली अर्धी उरलेली गोळ्यांची पट्टी मला फार आवडली. ती ठेव. तिच्यावरची ‘वेदनेची साक्ष’ ही ओळ काढ.

रीत सांगतो. दुःख ताजं असताना कविता करू नकोस, नोंदी कर: वस्तू, वास, कोण काय बोललं ते जसंच्या तसं. मोठ्यानं वाचताना गळा दाटेनासा झाला की रचनेला बस. मग खर्ड्यातले दुःख, वेदना, हुंदका, एकाकी, उदास हे शब्द खोडून बघ. कविता कोसळली तर तपशील कमी आहे. एखादा परका भावही येऊ दे, चिडणं किंवा लाज. सुतकातही माणसं चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरतात.

लिहिण्यासाठी उदास राहायची गरज नाही, हे कळकळीनं सांगतो. झोप, जेवण, काम आठवड्यामागून आठवडे बिघडत असेल तर वही मिटून बांबोळीला मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जा, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करून बोल. कविता थांबेल, काही बिघडत नाही.

पहिली कविता पावसाशिवाय पुन्हा लिहून पाठव. गोळ्यांच्या पट्टीपासून सुरुवात केली तरी चालेल.

सप्रेम.