युरोपात विखुरलेले रोमा (जिप्सी) लोक मूळचे भारतातले, मग त्यांची रोगप्रतिकारक जनुकं युरोपियनांसारखी कशी? त्यांची प्रतिकारशक्ती इतरांपेक्षा जास्त असते का?

मी जनुकशास्त्र शिकवते. हा विषय निघाला की आधी फळ्यावर त्यांच्या रोमानी भाषेतले आकडे लिहिते: येख, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव. मुलं हसत हसत ओळखतात. मग एफ्ता, ओख्तो, एन्या आले की सगळे गप्प, कारण ते ग्रीक. दहाला पुन्हा आपल्या ओळखीचा ‘देश’. म्हणजे मंडळी निघाली भारतातून आणि वाटेत ग्रीक बोलणाऱ्या बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) मुलखात चांगलीच रमली.

जनुकंही साधारण हेच सांगतात. साधारण 1500 वर्षांपूर्वी वायव्य भारताकडून एक लहानसा गट बाहेर पडला, 900 वर्षांपूर्वीच्या सुमारास बाल्कन भागातून पुढे पसरला. मग 1347 मध्ये प्लेग युरोपात शिरला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत निदान एक तृतीयांश माणसं गेली. एवढ्या मोठ्या मरणातून जे वाचले, त्यांचीच जनुकं पुढे गेली.

तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारा अभ्यास 2014 चा आहे. मिहाई नेतेआ, जाउमे बेर्त्रांपेतीत आणि सहकाऱ्यांनी रुमानियातले रुमानियन, तिथलेच रोमा आणि वायव्य भारतातले लोक यांची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. काही जनुकांवर नैसर्गिक निवडीचा ठसा, म्हणजे जगायला मदत करणारा प्रकार पिढ्यान् पिढ्या वाढत गेल्याची खूण, रुमानियन आणि रोमा दोघांत दिसला, भारतीयांत दिसला नाही. त्यात चौथ्या गुणसूत्रावरची टीएलआर1, टीएलआर6, टीएलआर10 ही शेजारी शेजारी बसलेली जनुकं ठळक होती. पेशीच्या वेशीवर उभं राहून जंतू ओळखणारे रखवालदार घडवणं हे त्यांचं काम. संशोधकांनी मग रक्तातल्या पांढऱ्या पेशींची प्लेगच्या जंतूशी गाठ घालून दिली. पेशी किती जोरात इशारा देतात, हे या जनुकांतल्या फरकांनुसार बदलत होतं. पूर्वज वेगळे, पण मुलूख एक आणि रोग एक, म्हणून बदलही सारखेच झाले, असा त्यांचा निष्कर्ष.

मला हा अभ्यास फार आवडतो, पण तो शेवटचा शब्द म्हणून मी शिकवत नाही. रोमा युरोपात अगदी अलिप्त राहिले असं नाही. वाटेत आणि युरोपात त्यांचं इतरांशी बरंच मिश्रण झालं. 2013 च्या एका विश्लेषणात तर त्यांच्या वारशाचा सुमारे 80 टक्के भाग पश्चिम युरेशियाकडचा, म्हणजे युरोप, मध्यपूर्व, कॉकेशस या पट्ट्यातला निघाला. मग हे बदल त्यांच्यात स्वतंत्रपणे घडले की सोयरिकीतून आले, हे वेगळं करणं अवघड. शिवाय आरोपी एकटा प्लेगच कशावरून? टीएलआर1 चा युरोपात सर्रास आढळणारा एक प्रकार कुष्ठरोगाचा धोका कमी करतो, आणि मध्ययुगीन युरोपात कुष्ठरोगही भरपूर होता.

आपल्याला प्लेग म्हटलं की 1896 ची मुंबई आणि 1897 चं पुणे आठवतं, म्हणून कुणी विचारेल की भारतीयांत तो ठसा का नाही. सव्वाशे वर्षं म्हणजे फार तर पाच-सहा पिढ्या. तेवढ्यात असा ठसा उठून दिसणं कठीण.

आता ‘प्रतिकारशक्ती जास्त का’ याबद्दल. नाही. टीएलआरचा तो फरक एखाद्या जंतूपुढे उपयोगी, दुसऱ्यापुढे निरुपयोगी. उलट मूठभर पूर्वजांपासून समाज वाढल्यामुळे काही आनुवंशिक आजार रोमांमध्ये जास्त आढळतात. पापण्या झुकवणारा, स्नायू लवकर थकवणारा जन्मजात मायस्थेनियाचा एक प्रकार त्यातलाच. त्यामागचा नेमका तोच जनुकदोष भारत-पाकिस्तानातल्या रुग्णांतही सापडला आहे, म्हणजे तो इथूनच सोबत गेला असावा.

आणि बल्गेरियातली 2009 ते 2011 ची गोवराची साथ बघा. 24 हजारांहून जास्त रुग्ण, 24 मृत्यू, आणि दहातले जवळजवळ नऊ रुग्ण रोमा. प्लेगातून तगलेल्यांची ही लेकरं. त्यांच्या वस्त्यांपर्यंत गोवराची लस पुरेशी पोचली नव्हती.