रात्रपाळी, तुटकी झोप आणि कंबर

प्रश्न : वय ४३. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. पाळी १२ तासांची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दोन वर्षांपासून कंबर दुखते. एक्स-रेत ‘वयानुसार थोडी झीज’ एवढेच आले. रात्रपाळीच्या आठवड्यात दुखणे वाढते, दिवसा जेमतेम ४-५ तास झोप होते. घरच्यांच्या सांगण्यावरून तीन महिने फळीवर झोपलो, फरक नाही. काय करावे?

उत्तर : फळी आधी काढून टाका. कंबरदुखीला कडक अंथरूण हवे, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. पण २००३ साली स्पेनमधल्या ३१३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. फळीवर कुशीला वळले की खांदा आणि खुब्याचे हाड टोचते, माणूस सारखा कूस बदलतो आणि झोप मोडते. नवी गादी घ्यायलाच हवी असे नाही. कापसाच्या गादीत गाठी झाल्या असतील तर ती पिंजून भरून घ्या. मग उताणे पडून कमरेखाली हात घालून पाहा. हात सैलपणे आरपार गेला तर गादी फार कडक. शिरतच नसेल आणि कंबर खड्ड्यात गेल्यासारखी वाटत असेल तर फार मऊ.

तुमच्या पत्रात आम्हाला सर्वांत काळजीचे वाटले ते ‘४-५ तास’. मोठ्या माणसाला किमान ७ तास झोप लागते. ती मिळाली नाही की वेदना दाबून धरणारी मेंदूतली व्यवस्था ढिली पडते आणि तीच कळ जास्त लागते. मणक्याची झीज दोन्ही आठवड्यांत सारखीच असते, तरी रात्रपाळीत दुखणे वाढते, त्यामागे हे मोठे कारण असू शकते. झोपेत रक्तदाब उतरतो. झोपच अपुरी असेल तर त्याला ती उसंत मिळत नाही. इन्सुलिनचे काम मंदावते, भूक वाढते. चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा रक्तदाब आणि साखर एकदा तपासून घ्या.

रात्रपाळीत चहा पहिल्या निम्म्या पाळीतच प्या. झोपण्याआधीच्या ६ तासांत चहा, कॉफी, तंबाखू नको. सकाळी घरी जाताना काळा गॉगल लावा, कारण डोळ्यांवर ऊन पडले की शरीर दिवस उजाडल्याचे धरून चालते. हलके खा आणि लगेच झोपा. बाजारहाट, बँक ही कामे उठल्यावर. खिडकीला जाड काळे कापड, कानात बोळे, फोन दुसऱ्या खोलीत. सलग ७ तास जमलेच नाहीत तर सकाळी ५ तास आणि कामावर जाण्याआधी दीड-दोन तास अशी विभागून झोप घ्या. अंथरुणात वीसेक मिनिटे नुसते तळमळत पडलात तर उठून बसा, पेंग आल्यावरच परत आडवे व्हा. झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नका, तिने झोप लवकर लागते पण मध्येच मोडते.

कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या, उताणे झोपताना गुडघ्यांखाली लोड. पालथे झोपणे टाळा, त्यात कमरेचा बाक वाढतो आणि मान पिळली जाते.

आता एक गोष्ट फार जण चुकवतात. आडवे असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्या उठल्या आपली उंचीही सेंटिमीटरभर जास्त भरते. त्या वेळी वाकले की चकतीवर जादा ताण येतो. उठताना आधी कुशीला वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन बसा. पुढचा पाऊण-एक तास वाकून केर काढणे, भरलेली बादली उचलणे, मोज्यांसाठी खाली झुकणे नको. तुम्ही दिवसा झोपता, तेव्हा हा नियम दुपारी उठल्यावरही पाळा.

जोरात घोरत असाल आणि भरपूर झोपूनही दिवसभर पेंग येत असेल तर डॉक्टरांना वेगळे सांगा. झोपेत श्वास अडखळत असेल तर गादी-उशीने भागणार नाही. लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : मुलगा २६ वर्षांचा आहे. पहाटे तीन-चारला कंबर दुखून जाग येते, सकाळी तासभर पाठ आखडलेली, चालल्यावर मोकळी होते. हीसुद्धा झोपेमुळेच का?

उत्तर : नाही, इथे थांबू नका. विश्रांतीने वाढणारे, हालचालीने कमी होणारे दुखणे या वयात तीन महिन्यांहून जास्त टिकले तर मणक्याच्या सांध्यांचा दाहक आमवात तपासायला हवा. त्याला संधिवाततज्ज्ञांकडे न्या. सुरुवातीची काही वर्षे एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून गरजेप्रमाणे ते माकडहाडाच्या वरच्या सांध्यांचा एमआरआय आणि एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी सांगतील. तोवर त्याला पूर्ण विश्रांती देऊ नका, त्याने आखडणे वाढते. रोज चालू द्या.