लिंबावरच्या माव्याला ट्रायको कार्ड चालेल का?

भाऊ, पाचोऱ्याकडच्या तुमच्या लिंबाच्या नवतीवर, म्हणजे कोवळ्या पालवीवर, मावा ही रस शोषणारी कीड आलीय, ट्रायको कार्ड लावू का, आणि शेजारच्या पपईलाही चालेल का, असं विचारलंत. नका लावू, पैसे वाया जातील. त्या कार्डावरची ट्रायकोग्रामा ही बारीक परोपजीवी माशी पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांवर वाढते. आपल्या उष्ण मुलखात मावा सहसा अंडी घालतच नाही, मादी थेट पिल्लं देते.

माव्यावरची परोपजीवी माशी वेगळी: ॲफिडियस आणि तिचा गोतावळा. जेमतेम 2-3 मिलिमीटरची, माणसाला चावत नाही. पोट पायांमधून पुढे वाकवून ती माव्यात एक अंडं टोचते. अळी त्याला आतून खाते आणि मावा फुगून कडक, सोनेरी टरफलासारखा पानाला चिकटून राहतो. त्याला ममी म्हणतात. पुढे गोल झाकण कापून नवी माशी बाहेर पडते. अंड्यापासून इथवर साधारण दोन आठवडे.

या ममी मी दोन हिवाळे रोगट मावा समजून फवारल्या, याचं आजही वाईट वाटतं. मग एकदा तसे शेंडे काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधली. पाचव्या दिवशी आत बारीक काळ्या माश्या फिरत होत्या. तुम्हीही आधी हेच करून बघा. माश्या निघाल्या तर विकत काही आणायची गरज नाही, फक्त पंप खाली ठेवा. मावा फारच असेल तर तेवढेच शेंडे निंबोळी अर्काने धुवा.

आणि मुंग्या बघा! चिकट गोड रसासाठी त्या माव्याची राखण करतात, माशीला हुसकावतात. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, खोडाला पट्टी गुंडाळून पट्टीवर ग्रीस लावा. मला तर हेच काम सगळ्यात मोलाचं वाटतं.

रोपं लहान असतील तर मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा, कारण लिंबाचा ट्रिस्टेझा रोगही मावाच पसरवतो.

पपईचं गणित निराळं. रिंगस्पॉट या रोगाचा विषाणू घेऊन आलेला पंखवाला मावा क्षणभर सोंड खुपसतो, तेवढ्यात लागण होते. माशी त्याला नंतर गाठेलही, पण झाड तोवर हातचं गेलेलं असतं. तिथे निरोगी रोपं, बांधाला मक्याच्या दाट ओळी आणि रोगट झाड दिसताच उपटणं, यावरच भर द्या.