मेलबर्नमधली ती जागा तुमची नाही, तिच्या शेजारची आहे

प्रश्न : एमएसडब्ल्यू करून सुरगाणा तालुक्यात आदिवासी महिलांसोबत पाच वर्षं काम केलं. यजमानांच्या नोकरीमुळे मेलबर्नला जातेय. तिथल्या कौटुंबिक हिंसा सेवेत ‘ॲबोरिजिनल कल्चरल हीलिंग लीड’ अशी जाहिरात पाहिली. माझा आदिवासी भागातला अनुभव धरतील का? अर्ज करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : त्या पदाला करू नका. जाहिरात शेवटपर्यंत वाचा. ‘आयडेंटिफाइड पोझिशन’ किंवा ‘स्पेशल मेजर’ असे शब्द असतील, तर व्हिक्टोरिया राज्याच्या 2010 च्या समान संधी कायद्यातल्या कलम 12 च्या आधाराने ती जागा ॲबोरिजिनल किंवा टॉरेस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, व्यक्तीसाठीच राखलेली आहे. सुरगाण्याचा अनुभव मोलाचा आहे, पण कोकणा-वारली समाजात काम केलं म्हणून मेलबर्नच्या मूळनिवासी वुरुंजेरी समाजाचं नातं आपल्याला कळतं असं होत नाही. मुलाखतीत ही तुलना आपणहून काढूही नका.

हे पद नेमकं करतं काय? एक उदाहरण घ्या. बायका गोल बसून पॉसमच्या कातड्यांचा पारंपरिक झगा शिवतात. ऑस्ट्रेलियात पॉसम संरक्षित प्राणी, म्हणून कातडी न्यूझीलंडहून येतात. आतल्या बाजूला आपापल्या कुळाच्या खुणा डागून काढतात. हात कामात, नजर खाली, त्यामुळे समोरासमोरच्या खुर्चीत जे बोललं जात नाही ते तिथे निघतं. कुणाला बोलवायचं, कुठल्या घराण्यांना एकत्र बसवायचं नाही, कुणाकडे सुतक आहे म्हणून बैठक पुढे ढकलायची, हे लीडच ठरवते. पुस्तक वाचून ते येत नाही.

तुमची वाट शेजारून जाते : कौटुंबिक हिंसा विशेषज्ञ कार्यकर्ती, ‘द ऑरेंज डोअर’ या कौटुंबिक हिंसा मदत केंद्रांसारख्या ठिकाणी. 1 जुलै 2021 पासून अशा नव्या नेमणुकांना सोशल वर्कची पदवी किंवा समकक्ष पात्रता लागते. सांस्कृतिक ज्ञान असलेल्यांसाठी वेगळी वाट ठेवली आहे. म्हणजे पदवी नसलेल्या बाई तुम्हाला मार्गदर्शन करतील, आणि ते रास्तच आहे. एवढं पटत नसेल तर या क्षेत्रात जाऊच नका.

गेल्यावर ‘मॅरम’ ही धोका तपासणीची चौकट शिका. नवखे अडकतात ते इथे. पहिल्याच भेटीत फॉर्म उघडून मुलांबद्दल विचारलं की बाई पुन्हा येत नाही. सरकारने पिढ्यान् पिढ्या ॲबोरिजिनल घरांतली मुलं उचलून नेली. 1997 च्या ‘ब्रिंगिंग देम होम’ अहवालात ते सगळं नोंदलं आहे, आणि आजही बालसंरक्षण खात्याची धास्ती खरीच आहे. म्हणून आधी सांगा, काय लिहून घेणार आणि कुणाला दाखवावं लागेल. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. गंभीर धोका असेल तर संमतीशिवायही माहिती द्यायची मुभा कायदा देतो, आणि मग तुम्ही खोट्या पडता. दुसरी चूक म्हणजे मारणारा ॲबोरिजिनलच असेल हे गृहीत धरणं. पुष्कळदा तो नसतो.

बोलण्याच्या रीतीही आहेत. सभेच्या सुरुवातीला ‘ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’, म्हणजे त्या भूमीच्या मूळ लोकांना मान देणारे शब्द, तुम्ही म्हणू शकता. ‘वेलकम टू कंट्री’ हे स्वागत मात्र त्या भूमीच्या लोकांनीच करायचं. ‘आंटी’ हा तिथे मिळवलेला मान आहे, आपल्या मावशीसारखी सरसकट हाक नव्हे. इतर लोक त्या बाईंना काय म्हणतात ते ऐकून मग म्हणा.

निघण्यापूर्वीचं एक काम मात्र आत्ताच उरका. ऑस्ट्रेलियन सोशल वर्क संघटनेच्या पात्रता मूल्यांकनात पर्यवेक्षणाखालचं फील्डवर्क पाहतात, आणि आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर त्याचे तास बहुधा छापलेले नसतात. कॉलेजच्या लेटरहेडवर सत्रवार तास, संस्थेचं नाव, पर्यवेक्षकाचं नाव व पात्रता, सही-शिक्का असं पत्र घ्या, दोन प्रतींत. मेलबर्नहून फोन करून ते मिळवताना सहा महिने सहज जातात.