ग्राहीला ‘चेतवायचं’ की त्याचा ‘चाप ओढायचा’?

प्रश्न बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांच्या भाच्यावर ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या एका कर्करोगाचे, उपचार चालू आहेत. टी पेशींच्या (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) ‘कार-टी’ या नव्या उपचाराची माहिती इंग्रजीत मिळाली, ती घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मराठीत उतरवताना त्या एका वाक्यापाशी अडल्या. त्यांनी लिहिलंय : ‘ल्युकेमियाच्या पेशी मारण्यासाठी रोगप्रतिकारक ग्राहकांचा चाप ओढला जातो.’ ‘ट्रिगर’साठी ‘चाप ओढणे’ चालेल का, असं त्या विचारतात. (त्यांचा ‘ग्राहक’ म्हणजे इंग्रजीतला ‘रिसेप्टर’, पेशीवरचं संकेत झेलणारं प्रथिन. मी त्याला ‘ग्राही’ म्हणतो, का ते पुढे.)

ताई, चाप इथे नको. बंदुकीचा चाप ओढला की गोळी सुटते हे खरं, पण बंदूक बाजूला ठेवली की मराठीत चाप लावतात तो आवर घालायला. खर्चाला चाप, उधळेपणाला चाप. तुमच्या वडीलधाऱ्यांना वाचताना तोच अर्थ आधी आठवेल. शिवाय टी पेशीवर खरोखरच आवर घालणारे ग्राहीही असतात. पीडी-१ हा त्यांतला एक. तो जागा झाला की पेशी थंडावते. काही कर्करोगांवरची औषधं नेमका हाच चाप काढतात. म्हणजे एके ठिकाणी चाप ओढून पेशी कामाला लावायची आणि दुसरीकडे चाप काढून. वाचणाऱ्याचा गोंधळ उडणारच. ‘चाप’ हा शब्द पीडी-१साठी राखून ठेवा, तिथे तो चपखल बसतो.

‘ग्राहक’ही बदला. ग्राहक म्हटलं की दुकानातलं गिऱ्हाईक डोळ्यांपुढे येतं. ‘ग्राही’ म्हणा. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १९००च्या सुमारास ‘रिसेप्टर’ हा शब्द रूढ केला, त्याच्या मुळाशी ‘घेणे’ हाच अर्थ आहे आणि आपला ‘ग्रह्’ धातूही तोच.

आता मुख्य शब्द. मी ‘चेतवणे’ सुचवतो. आमच्याकडे दांडिया बाजारात आजी पहाटे शेगडी चेतवायची. कोळसे रचलेले असायचे, पण बाहेरून ठिणगी लागल्याशिवाय काही होत नसे. एकदा एक कोळसा धरला की शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. ग्राहीचं काम असंच चालतं. या उपचारात रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांवर प्रयोगशाळेत घडवलेला एक जोडग्राही बसवतात आणि त्या परत शरीरात सोडतात. त्याचं बाहेरचं टोक अँटिबॉडीचा तुकडा असतं, आतली शेपटी टी पेशीच्या स्वतःच्या ग्राहीतून घेतलेली. (इंग्रजीत या जोडग्राहीला ‘काइमेरिक’ म्हणतात ते यासाठीच. ग्रीक पुराणातल्या काइमेराला सिंहाचं डोकं, शेळीचं धड आणि सापाची शेपटी.) बाहेरच्या टोकाला ल्युकेमियाच्या पेशीवरचं सीडी१९ हे प्रथिन सापडलं की आतल्या शेपटीवर फॉस्फेट चढतात, त्यांवर दुसरं प्रथिन येऊन बसतं, ते पुढच्याला जागं करतं, आणि अख्खी पेशी पेटून उठते. ‘सक्रिय करणे’ चूक नाही, पण त्यात ठिणगी दिसत नाही. ‘चालना देणे’ फार सावकाश वाटतं, ते उद्योगधंद्याला ठीक.

चेतवलेली आग भडकूही शकते, हेही या शब्दात आपसूक येतं. या उपचारात कधी कधी सायटोकाइन या पेशींमधले निरोप नेणाऱ्या प्रथिनांचा लोंढा सुटतो, जोराचा ताप भरतो, रक्तदाब उतरतो, तेव्हा टोसिलिझुमॅबसारखं औषध देऊन भडका शमवावा लागतो. घरच्यांना हे आधी ठाऊक असलेलं बरं.

‘मारण्यासाठी’बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. तुमच्या वाक्यात ग्राही कोणाचे, ते कळत नाही. ते टी पेशीचे आहेत, आणि मारतो तो ग्राही नव्हे, पेशी. तीसुद्धा कशी? परफोरिन नावाच्या प्रथिनाने समोरच्या पेशीला भोकं पाडते, त्यांतून ग्रँझाइम नावाची प्रथिनं आत जातात आणि ती पेशी स्वतःचाच विनाश सुरू करते. मराठीत ‘मारणे’ आणि ‘मरायला लावणे’ यांत जो फरक आहे, तो इथे नेमका उपयोगी पडतो. मी दुसरं लिहीन. आणि एक ओळ जोडा : सीडी१९ निरोगी बी पेशींवरही (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवरही) असतं, म्हणून त्याही मरतात.

‘ल्युकेमिया’ तसाच ठेवा. ‘ब्लड कॅन्सर’मध्ये लिंफोमा, मायलोमाही येतात. जर्मन डॉक्टर फिरखोव यांनी १८४७मध्ये घडवलेल्या या शब्दाचा अर्थ ‘पांढरं रक्त’, पण तसं भाषांतर केलंत तर लोक पंडुरोग समजतील. असा जोडग्राहीचा उपचार आपल्या देशातही घडला आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या कामातून आलेल्या ‘नेक्सकार१९’ला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली. हे घरच्यांना सांगाच, धीर येतो.

तर वाक्य असं करता येईल : ‘टी पेशीवरचा ग्राही चेतवला जातो आणि मग ती पेशी ल्युकेमियाच्या पेशीला मरायला लावते.’

फक्त बडोद्यात एक काळजी घ्या. गुजरातीत ‘चूलो चेतववो’ आहे, पण ‘चेतवणी’ म्हणजे इशारा, आणि गुजराती शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांना तोच अर्थ आधी सुचतो. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ निघाला. त्यात कारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी असे पर्याय शेजारी शेजारी मांडले आहेत. तुमच्या टिपणातही तसंच करा. पहिल्यांदा ‘चेतवला’ येईल तिथे पुढे ‘म्हणजे पेटवला’ एवढं लिहा, म्हणजे भाच्यालाही ते स्वतः वाचता येईल.