वाचकांचे प्रश्न : उंदरांची वसाहत आणि आमचं वन रूम किचन

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही डोंबिवलीला वन रूम किचनमध्ये सहा जण राहतो, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. दिरांनी फॅमिली ग्रुपवर 'युनिव्हर्स २५' नावाचा व्हिडिओ टाकला, त्यात उंदरांना खायला-प्यायला भरपूर देऊनसुद्धा गर्दीमुळे सगळे मेले, माणसांचंही असंच होणार म्हणे. माझा दहावीतला मुलगा हल्ली कानात इअरफोन घालून कोपऱ्यात बसतो, कुणाशी बोलत नाही, नुसते केस विंचरतो. व्हिडिओ बघून म्हणाला, आई मी त्या उंदरांसारखाच आहे. तेव्हापासून झोप नाही. हे खरं आहे का, आणि हा प्रयोग केला कोणी?

उत्तर : प्रयोग खरा आहे, पण व्हिडिओत जो अर्थ काढलाय तो अर्धवट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जॉन कॅलहून हा १९१७ साली टेनेसीत जन्मलेला अमेरिकन संशोधक. १९५४ पासून त्यानं नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ या तिथल्या सरकारी संस्थेत आयुष्यातली बरीचशी वर्षं काढली. सरकारी पगार घ्यायचा आणि उंदरांसाठी गावं वसवून वर्षानुवर्षं वरून बघत बसायचं, वही भरायची, असं त्याचं काम. त्याआधी १९४७ मध्ये त्यानं बाल्टिमोरजवळ पाव एकर जागेला कुंपण घालून पाच गाभण माद्या सोडल्या होत्या. खायला हवं तेवढं, शत्रू कोणी नाही, हजारो उंदीर मावतील एवढी जागा, आणि तरी दोन वर्षांनंतरही आकडा दीडशेच्या आसपासच अडकलेला. जागा संपायच्या खूप आधीच वाढ थांबली होती, आणि हे 'का' त्याला जन्मभर पुरलं.

तुमच्या व्हिडिओतली पेटी जुलै १९६८ ची. साधारण साडेआठ फूट लांब-रुंद, भिंती साडेचार फूट उंच, भिंतींना लागून घरट्यांचे २५६ खण. छोट्या उंदरांच्या चार जोड्या सोडल्या. आधी दर ५५ दिवसांनी संख्या दुप्पट व्हायची, ५६० व्या दिवशी ती २२०० वर गेली, आणि ६०० व्या दिवसानंतर जन्मलेलं एकही पिल्लू जगलं नाही. पण ताई, खण ३८०० पेक्षा जास्त उंदीर मावतील एवढे होते, म्हणजे गर्दी कळसाला असतानाही कितीतरी घरटी रिकामीच होती! मग बिघडलं काय? कॅलहूनचं म्हणणं असं की नव्या पिढीला कळपात काही जागाच उरली नाही, राखायला कोपरा नाही, करायला काम नाही, मोठे हटत नाहीत, जो तो दुसऱ्याच्या वाटेत. त्यातले काही नर भांडणंही सोडून बसले आणि जोडीदारही, नुसतं खायचं, झोपायचं, अंग चाटून चकचकीत ठेवायचं. त्यांना तो 'सुंदर' म्हणायचा. तुमच्या मुलानं तेवढंच बघितलंय.

त्याचा आधीचा, मोठ्या उंदरांवरचा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो, तो १९६२ मध्ये छापून आला. खोलीचे चार भाग, मध्ये चढउतारासाठी छोटे पूल. खाणं ठेवलेल्या डब्याला जाळी होती, त्यामुळे कुरतडत कुरतडत खायला वेळ लागायचा, तेवढ्यात शेजारी दुसरा यायचा, तिसरा यायचा, आणि हळूहळू त्यांना कुणीतरी शेजारी असल्याशिवाय खायचीच सवय राहिली नाही. मग ८० पैकी कधी कधी ६० उंदीर एकाच भागात, बाकीच्या भागांत मोकळी जागा असूनही! त्या रेटारेटीत माद्यांना घरटी बांधता येईनात, पिल्लं दुर्लक्षित होऊन मरायला लागली. म्हणजे नुसत्या चौरस फुटांचा हा हिशोब नव्हताच.

माणसांचं म्हणाल तर जोनाथन फ्रीडमन या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात लोकांना लहान-मोठ्या खोल्यांत बसवून बघितलं, गर्दी म्हणून माणूस आपोआप बिघडतो असं त्याला दिसलं नाही. मी स्वतः लालबागच्या चाळीत वाढले, नऊ माणसं, माझा अभ्यास दोन ट्रंकांच्या मधल्या फटीत व्हायचा, पण ती फट माझी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आजोबासुद्धा तिथे चप्पल ठेवायचे नाहीत.

आणि व्हिडिओवाले कॅलहूनचं पुढचं काम सांगतच नाहीत याचा मला खरंच राग येतो. त्यानं नंतर अशी सोय केली की दोन उंदीर शेजारी शेजारी उभे राहिले तरच पाणी मिळायचं. अशी एकमेकांची सवय लागलेले उंदीर गर्दीत जास्त तग धरून राहिले. म्हातारपणापर्यंत तो माणूस यातून बाहेर पडायची वाटच शोधत होता, १९९५ मध्ये गेला.

तर मुलाला हे सगळं वाचून दाखवा. एक खिडकी, एक फळी, जे जमेल ते त्याचं म्हणून ठरवून द्या आणि तिथे दुसऱ्या कुणाचा टॉवेलही नको. शिवाय घरातलं एक काम पूर्ण त्याच्यावर टाका, रात्रीचं पाणी भरणं म्हणा, सासऱ्यांच्या गोळ्या म्हणा, आणि मध्ये सूचना देऊ नका. महिन्याभरानं तो तरीही जेवत नसेल, झोपत नसेल, शाळा टाळत असेल तर मात्र उंदीर बाजूला ठेवून जवळच्या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन जा, आणि मला परत लिहा.