उत्तर अल्बर्टात शेत घ्यायचंय? आधी अँबर व्हॅलीबद्दल ऐका

तुमचं पत्र सविस्तर होतं, त्यामुळे उत्तरही लांबणार. निफाडला वडिलांची द्राक्षबाग, तुम्ही पुण्यात आयटीत, पत्नी नर्स. कॅनडात यायचं, पण टोरांटोच्या गर्दीत नाही, उत्तर अल्बर्टातल्या एखाद्या छोट्या गावात, जमेल तशी जमीन घेऊन. आणि पत्राच्या शेवटी भीत भीत विचारलंत, "तिथे गोऱ्या नसलेल्या लोकांनी शेती करून गाव वसवल्याचं एक तरी उदाहरण आहे का?"

व्हिसाचं सांगणारे तुम्हाला दहा जण भेटतील. मी या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण असं गाव माझ्या घरापासून फार लांब नाही.

एडमंटनच्या उत्तरेला दीडेकशे किलोमीटरवर अथाबास्का. तिथून पूर्वेला लाक ला बिशच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात अँबर व्हॅली लागते. आज तुम्ही गेलात तर गाव कुठे आहे असंच विचाराल. शेतं, झाडी, दफनभूमी, लांब लांब घरं. पण एके काळी इथे तीनेकशे माणसं राहत होती, आणि जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. 1910-11 मध्ये ती मुख्यतः अमेरिकेच्या ओक्लाहोमातून आली. तेव्हा या जागेला पाइन क्रीक म्हणायचे.

ओक्लाहोमा सोडायला कारण होतं. 1907 साली त्या प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळाला आणि नव्या विधिमंडळाने सुरुवातीलाच रेल्वेचे डबे गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळे केले. 1910 मध्ये तर अशी मेख मारली, की ज्यांचे आजे-पणजे गुलामगिरीच्या काळात मतदार नव्हते त्यांनीच साक्षरतेची परीक्षा द्यायची. म्हणजे कृष्णवर्णीयांचं मत गेल्यातच जमा. त्याच सुमाराला कॅनडा सरकार अमेरिकेत जोरदार जाहिराती करत होतं: पश्चिमेला या, 10 डॉलर नोंदणी फी भरा, 160 एकर जमीन घ्या. आपल्याकडे कमाल जमीन धारणा कायद्यात कोरडवाहूची मर्यादा 54 एकर आहे, त्यावरून अंदाज करा. तीन वर्षं, दर वर्षी निदान सहा महिने तिथे राहायचं, घर बांधायचं, ठरलेली जमीन फोडून लागवडीखाली आणायची, मग मालकी तुमची. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. सरकारच्या डोळ्यांसमोर मात्र गोरा शेतकरीच होता, हे लोक येऊ लागल्यावर उघड झालं.

(ही "मोकळी" जमीन मोकळी कधीच नव्हती. क्री आणि इतर आदिवासी समाजांशी 1876 मध्ये जो सहावा तह झाला, त्यातला हा मुलूख. इथे जमीन घेणाऱ्याने एवढं तरी माहीत करून घ्यावं.)

1911 च्या मार्चमध्ये हेन्री स्नीड नावाच्या धर्मोपदेशकाबरोबर दोनशेच्या आसपास माणसं मॅनिटोबाच्या सरहद्दीवर पोचली. अधिकाऱ्यांनी वैद्यकीय तपासणी कसून केली, काही खोट काढता येते का पाहिलं. कुणात काही सापडेना. पैसे होते, जनावरं होती, अवजारं होती. आत सोडावंच लागलं. मग एडमंटनच्या व्यापारी मंडळाने त्यांच्याविरुद्ध अर्जावर सह्या गोळा केल्या, त्या हजारोंनी जमल्या. सरकारने ओक्लाहोमात आपली माणसं पाठवली, "कॅनडात थंडीने मराल" असं सांगायला. त्यांतले एक तर शिकागोचे कृष्णवर्णीय डॉक्टर होते. आणि 12 ऑगस्ट 1911 ला पंतप्रधान लॉरिए यांच्या मंत्रिमंडळाने एक आदेश मंजूर केला: हा वंश कॅनडाच्या हवामानाला अयोग्य, सबब वर्षभर प्रवेश बंद. पुढच्या महिन्यात निवडणुकीत लॉरिए हरले, आदेश अमलात न येताच रद्द झाला. तरी व्हायचं ते झालं होतं. 1912 नंतर असे जथे येणं जवळपास थांबलं.

हवामानाचं हे कारण नीट लक्षात ठेवा, कारण त्यात आपणही आहोत. भारतीयांना रोखण्यासाठी 1908 मध्ये "मायदेशाहून न थांबता थेट प्रवास" अशी अट घातली गेली, तेव्हाही उष्ण देशातल्या माणसाला हे हवामान मानवणार नाही असंच सांगितलं जात होतं. 1914 मध्ये कोमागाता मारू जहाज व्हँकूवरहून परत पाठवलं ते याच अटीच्या जोरावर. आता असं तोंडावर कुणी म्हणत नाही. पण दुकानात कुणी काळजीच्या सुरात "विंटर झेपतो ना तुम्हाला?" असं विचारलं की मला तो आदेश आठवतो. बहुतेक वेळा ती खरंच काळजी असते. हसून उत्तर द्यायचं.

आता शेतीचं, म्हणजे तुमच्या कामाचं. ही काळी कसदार प्रेअरी, म्हणजे सपाट गवताळ मैदानं, नव्हे, ती दक्षिणेला. इथे जंगलाखालची करडी माती आहे. सेंद्रिय अंश कमी, पाऊस पडला की लापशी, सुकली की वर पापडी. पॉपलर आणि विलोची झाडी, मध्ये मध्ये दलदल. कापसाच्या रानातून आलेल्या माणसांनी कुऱ्हाडीने झाडं पाडली, बुंधे खणले, बैल-घोडे लावून उपटले. पहिल्या वर्षी दोन-चार एकर मोकळे झाले तरी खूप. रेल्वे अथाबास्कापर्यंत आली 1912 मध्ये, तोवर एडमंटनपासून बैलगाडी-घोडागाडीचीच वाट. घर ओंडक्यांचं, फटींत चिखल. तो चिखल दर शरद ऋतूत पुन्हा भरायचा, नाहीतर जानेवारीत वारा थेट अंथरुणात.

आणि मुख्य गोष्ट: सुरुवातीची कित्येक वर्षं संसार या शेतीवर चाललाच नाही. पुरुष रेल्वेच्या कामावर, दक्षिणेतल्या कापणीवर, एडमंटनच्या कारखान्यांत मजुरीला जायचे आणि पैसे घरी आणायचे. मागे बायका. वर्षातले महिने भरायचे म्हणून घर चालू ठेवणं, जनावरं, भाजीपाला, सरपण, आजारपण, सगळं त्यांच्यावर. गंमत पाहा, त्याच कायद्याने अविवाहित बाईला स्वतःच्या नावावर होमस्टेड, म्हणजे ती 160 एकर जमीन, मिळत नसे. मुलं पदरात असलेल्या विधवेसारखी कुटुंबप्रमुख बाई असेल तरच. ज्यांच्या जिवावर जमीन टिकली, त्यांची नावं कागदावर क्वचितच.

सगळीच घरं टिकली नाहीत. काही कुटुंबं पहिल्या एक-दोन हिवाळ्यांतच एडमंटनला परतली. पण अल्बर्टातल्या अशा इतर वस्त्यांपेक्षा, म्हणजे कीस्टोन, जंकिन्स, कॅम्प्सी यांच्यापेक्षा, अँबर व्हॅली जास्त काळ भरलेली राहिली. माझ्या मते याचं श्रेय जमिनीला नाही. 1913 मध्ये शाळा सुरू झाली, टोल्स स्कूल. पाठोपाठ चर्च, तेही कुठल्या एका पंथाचं नाही, सगळ्यांचं. कामाला आपल्या इर्जिकीसारखी माणसं गोळा व्हायची. पुढे बेसबॉलचा संघ असा गाजला की उत्तर अल्बर्टातली गावं त्यांना सामन्यांना बोलवायची. ज्या गोऱ्या शेजाऱ्यांनी एरवी घरात घेतलं नसतं, ते मैदानाभोवती उभे राहून ओरडायचे. 1931 मध्ये पोस्ट ऑफिस आलं आणि तेव्हाच अँबर व्हॅली हे नाव.

गाव रिकामं झालं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर. तरुणांना शहरात नोकऱ्या मिळू लागल्या, आणि ट्रॅक्टरच्या जमान्यात 160 एकरांत भागेना. आता इथे त्याच्या कित्येक पटींनी जमीन कसणारे लोकही नोकरी धरून असतात. 2021 मध्ये कॅनडा पोस्टने अँबर व्हॅलीवर तिकीट काढलं. कौतुक झालं, माणसं अर्थातच परतली नाहीत.

म्हणून तुमच्या पत्रातली "20 एकरांवर स्वयंपूर्ण व्हायचं" ही ओळ खोडा. केंद्र सरकारची ती दहा डॉलरची जमीन 1930 मध्येच संपली, केंद्राने जमिनी प्रांताकडे दिल्या तेव्हा. शिवाय पीआर (कायमस्वरूपी रहिवासाचा परवाना) हातात येईपर्यंत अल्बर्टात परदेशी माणसाला शेतजमीन जास्तीत जास्त दोन तुकडे, मिळून 20 एकर, एवढीच घेता येते. ती पहिल्या वर्षी घेऊच नका. गावात भाड्याने राहा. द्राक्षं तर विसराच, हिव (फ्रॉस्ट) न पडणारे दिवस इथे वर्षाला साधारण शंभर असतात. हे दिवस जास्त धरून कुणी जमीन विकायला आलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

गाव निवडताना एकरी भाव नंतर विचारा. आधी विचारा: शाळा चालू आहे का, तिच्यात मुलं वाढतायत की घटतायत? दवाखान्यात रात्री डॉक्टर असतो का? स्केटिंगची रिंक आणि कम्युनिटी हॉल कोण चालवतं? हॉलच्या जेवणाला खुर्च्या लावायला जा, बटाटे सोला. गावची ओळख तिथे होते. आणि पाहायला याल ते जुलैत नको, तेव्हा इथे रात्री दहालाही उजेड असतो आणि सगळंच सुंदर दिसतं. नोव्हेंबरात या, नाहीतर एप्रिलमध्ये, बर्फ वितळून कच्चे रस्ते गाडीची चाकं गिळतात तेव्हा. कडाक्याच्या थंडीत गाडीच्या इंजिनाला रात्रभर विजेची वायर लावून ठेवावी लागते, हे घर बघताना विचारायच्या यादीत घाला: बाहेर प्लग आहे का, विहिरीचं पाणी तपासलंय का, सेप्टिक टाकी किती जुनी.

तुमच्या घरातलं हुकमी पान तुमची बाग नाही की तुमचं कोडिंगही नाही, पत्नीचं नर्सिंग आहे. गावाच्या शिफारशीवर येण्याची अल्बर्टाची जी ग्रामीण योजना आहे तिला स्थानिक नोकरी लागते, आणि छोट्या गावांतल्या दवाखान्यांना नर्स हव्याच असतात. योजनेच्या अटी सारख्या बदलतात, त्या प्रांताच्या सरकारी साइटवरच वाचा, एजंटच्या तोंडून नाही. पत्नीच्या पदवीच्या मूल्यांकनाला आणि अल्बर्टातल्या नोंदणीला वेळ लागतो, तेव्हा कॉलेजची मूळ गुणपत्रकं आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे कागद मागवायला या आठवड्यातच सुरुवात करा. जमिनीचं आपण त्यानंतर बोलू.